यकृतावरचा वण

आपल्या गुडघ्याकडे एकदा नीट निरखून पाहा. लहानपणी धावताना किंवा सायकल शिकताना तुम्ही कधी तरी पडला असाल. गुडघा फुटला, रक्त आले, खपली धरली आणि ती निघून गेल्यावर तिथे एक पांढुरका, जरासा कडक वण राहिला. जवळ भिंग असेल तर ते वणावर धरा. आजूबाजूच्या कातडीवर बारीक केस दिसतील. वणावर ते दिसणार नाहीत. वणाला घामही येत नाही. म्हणजे शरीराने जखम बुजवली खरी, पण मूळची कातडी परत आणली नाही. फाटलेल्या सदऱ्याला ठिगळ लावावे, तसे ठिगळ लावले.

गुडघ्यावरच्या एवढ्याशा ठिगळाने आपले काही अडत नाही. पण अशीच ठिगळे पोटातल्या एखाद्या इंद्रियात हजारोंनी लागत गेली तर? आणि तीही वर्षानुवर्षे, आपल्याला पत्ता न लागता? यकृताच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते. ते कसे घडते आणि थांबवता येईल का, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मानवी यकृताचे खसखशीच्या दाण्याहूनही लहान गोळे वाढवू लागले आहेत. त्या गोळ्यांची ही हकिगत.

मुका कारखाना

उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर हात ठेवा. त्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली, सुमारे दीड किलो वजनाचे यकृत असते. मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते. यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून एका मोठ्या नीलेतून येते. म्हणजे तुम्ही खाल्लेल्या भाकरीतली साखर असो की डॉक्टरांनी दिलेली गोळी असो, पचनानंतर तिचा पहिला मुक्काम बहुधा यकृतातच. तिथे साखर साठवली जाते, रक्तातील प्रथिने बनतात, पित्त तयार होते, औषधे आणि विषारी पदार्थ यांची मोडतोड होते.

अशा ठिकाणी इजा होणे ओघानेच आले. पण यकृताजवळ एक नवलाची शक्ती आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कापून काढण्याची पद्धत वर्णन केली. उरलेला भाग वाढून काही दिवसांतच यकृत जवळजवळ पूर्वीच्या वजनाचे होते! एकदाच झालेली इजा यकृत वण न ठेवता भरून काढू शकते.

घोटाळा होतो तो इजा पुन्हा पुन्हा होत राहिली तर. ब आणि क प्रकारच्या काविळीचे विषाणू, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणा यांबरोबर यकृतात साचणारी चरबी, काही औषधांचा दीर्घकाळ वापर, ही त्याची मुख्य कारणे. भरून येण्याच्या आतच नवी इजा झाली, की यकृत नव्या पेशींऐवजी कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट तंतू विणू लागते. या क्रियेला वैद्यकात फायब्रोसिस म्हणतात. आपण तिला तंतुमयता म्हणू. तंतूंच्या भिंती उभ्या राहून यकृताच्या गाठी-गाठी झाल्या, की तो सिऱ्हॉसिस. मग रक्ताला वाट मिळत नाही आणि यकृत निकामी होत जाते. यकृताच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे हा सारा प्रकार मुकाट्याने चालतो. यकृताच्या विकारांनी जगात दरवर्षी सुमारे २० लाख माणसे दगावतात. म्हणूनच हे तंतू विणतो कोण, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

तारकापेशींचे गूढ

तंतू विणणाऱ्याचे चित्र फार पूर्वीच दिसले होते, पण त्याची ओळख पटायला शंभर वर्षे लागली. १८७६ साली कार्ल फोन कुप्फर या शरीररचनाशास्त्रज्ञाने यकृताचे पातळ काप सोन्याच्या क्षाराने रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ताऱ्यासारखे फाटे फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्याने त्यांना तारकापेशी म्हटले. पुढे मात्र त्याने स्वतःच त्यांची गल्लत जंतू गिळणाऱ्या दुसऱ्याच पेशींशी केली. १९५१ मध्ये जपानच्या तोशिओ इतो यांनी यकृतातील मेद साठवणाऱ्या पेशींचे वर्णन केले. १९७१ मध्ये जपानच्याच केन्जिरो वाके यांनी कुप्फरची जुनी रीत पुन्हा वापरली आणि दाखवून दिले, की कुप्फरच्या तारकापेशी आणि इतोंच्या मेदपेशी या एकच होत.

यकृतातील दर शंभर पेशींत या तारकापेशी अवघ्या पाच ते आठ असतात. निरोगी यकृतात त्या शांत असतात आणि मेदाच्या थेंबांत जीवनसत्त्व अ साठवून ठेवतात. शरीरातील जीवनसत्त्व अ चा बहुतेक साठा याच पेशींत असतो. पण शेजारची यकृतपेशी जखमी झाली, की तारकापेशीचा अवतार बदलतो. ती आपला जीवनसत्त्वाचा साठा गमावते, लांबट होते, स्नायूसारखी आकुंचन पावू लागते आणि कोलॅजेनचे धागे बाहेर टाकू लागते. ठिगळ लावणारा शिंपी हाच!

आता तुम्ही म्हणाल, शिंपी सापडला, मग त्याला थांबवणारे औषध शोधायला उशीर का? तारकापेशी यकृतातून वेगळ्या काढाव्यात, बशीत वाढवाव्यात आणि एकेक औषध त्यांवर टाकून पाहावे. संशोधकांनी अगदी हेच केले. आणि इथेच त्यांची फसगत झाली.

बशीने केलेली फसवणूक

प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या बशीचा तळ सपाट आणि प्लॅस्टिकचा असतो. आपल्याला ते गुळगुळीत प्लॅस्टिक सोयीचे वाटते. पण पेशीच्या दृष्टीने पाहा. निरोगी यकृत मऊ असते. बशीचे प्लॅस्टिक त्याच्यापेक्षा लाखो पटींनी कठीण. यकृतात पेशीला वर, खाली, चारी बाजूंनी शेजारी असतात. बशीत खाली टणक जमीन आणि वर नुसते पाणी.

याचा परिणाम काय झाला? मऊ यकृतातून काढून कठीण बशीत ठेवलेल्या तारकापेशी काही दिवसांत आपोआप जाग्या झाल्या आणि कोलॅजेन विणू लागल्या. कोणतेही विष नाही, विषाणू नाही, तरी त्या कामाला लागल्या. कठीण जमीन हीच त्यांना जखमेची खूण वाटली. दुसरीकडे, बशीतल्या यकृतपेशी काही दिवसांतच आपले खास काम विसरू लागल्या. त्या जिवंत होत्या, पण औषधांची मोडतोड पूर्वीसारखी करीनाशा झाल्या.

विचार करा. पेशी कशाने जागी होते, हे विचारायचे आहे. आणि प्रश्न विचारण्यापूर्वीच बशीने तिला जागे करून ठेवले आहे! अशा पेशीचे उत्तर कसे खरे मानायचे?

मग प्राण्यांवर प्रयोग का करू नयेत? तेही झाले आणि त्यांतून पुष्कळ कळले. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन काही आठवडे दिले, की त्यांच्या यकृतात वण पडतात. पण उंदराचे यकृत म्हणजे माणसाचे यकृत नव्हे. सेलॉन्सर्टिब नावाच्या औषधाने उंदरांत आणि सुरुवातीच्या लहान चाचणीत आशा दाखवली होती. २०१९ साली माणसांवरील दोन मोठ्या चाचण्यांत मात्र त्याने वण कमी केले नाहीत. तेव्हा हवे होते असे काहीतरी, जे माणसाचे असेल, बशीत मावेल आणि तरीही सपाट नसेल.

एकमेकींना शोधणाऱ्या पेशी

याची बीजे १९०७ सालीच पडली होती. त्या वर्षी अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातील स्पंज बारीक कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या सुट्या पेशी पाण्यात सरकत सरकत एकत्र आल्या आणि त्यांतून पुन्हा नवे स्पंज बनले. त्याच वर्षी रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील चेतापेशींचा तुकडा काचेला उलट्या लटकणाऱ्या द्रवाच्या थेंबात जिवंत ठेवला. त्यातून फुटणारा तंतू त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली वाढताना दिसला. एका प्रयोगाने सांगितले, की पेशी आपले शेजारी स्वतः शोधतात. दुसऱ्याने सांगितले, की पेशी शरीराबाहेरही वाढवता येतात.

आज यकृताचे गोळे बनवताना या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. बारीक वाट्या असलेली एक तबकडी घेतात. या वाट्यांचा तळ गोल असतो आणि त्यावर पेशी चिकटू नयेत असा लेप असतो. प्रत्येक वाटीत काही हजार यकृतपेशी आणि थोड्या तारकापेशी पोषक द्रवासह सोडतात. खाली चिकटायला जागा नाही, म्हणून पेशी तळाशी जमतात आणि एकमेकींनाच धरतात. काही दिवसांत त्यांचा घट्ट गोळा होतो. व्यास मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढा. आता प्रत्येक पेशीला मऊ शेजार मिळाला, तोही चारी बाजूंनी.

या पेशी आणतात कोठून? काही शस्त्रक्रियेत काढलेल्या यकृताच्या तुकड्यातून मिळतात. काही प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढत आलेल्या असतात. तिसरा मार्ग शिन्या यामानाका यांच्या शोधाने खुला झाला. त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेले. त्यासाठी त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मूलपेशींपासून हवी ती पेशी घडवता येते. २०१३ साली योकोहामा येथील ताकानोरी ताकेबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पेशींना आणखी दोन प्रकारच्या पेशींची सोबत दिली. त्यांतून यकृताचा चिमुकला अंकुर तयार झाला. तो उंदराच्या शरीरात बसवल्यावर दोन दिवसांत उंदराच्या रक्तवाहिन्यांशी जोडला गेला.

ब्रुसेल्समधील परीक्षा

आता मुख्य प्रश्न. गोळा बनला, पण त्यातल्या तारकापेशी झोपलेल्या राहतात का? आणि जखम झाली तरच जाग्या होतात का?

२०१६ साली ब्रुसेल्स येथील संशोधकांनी याची परीक्षा घेतली. त्यांनी यकृतपेशी आणि मानवी तारकापेशी यांचे गोळे ९६ वाट्यांच्या तबकडीत वाढवले. गोळ्यांतील यकृतपेशी २१ दिवसांपर्यंत औषधांची मोडतोड करीत राहिल्या. मग काही गोळ्यांना त्यांनी मेथोट्रेक्सेट दिले. हे औषध संधिवातात आणि कर्करोगात वापरतात. ते दीर्घकाळ घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून असतात. चौदा दिवस पुन्हा पुन्हा मात्रा दिल्यावर गोळ्यांतील तारकापेशी जाग्या झाल्या आणि गोळ्यात कोलॅजेन साचले. तबकडीतल्या चिमुकल्या यकृतावर वण पडला!

यातली खरी मौज पुढे आहे. आपल्या ओळखीचे पॅरासिटॅमॉल घ्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ते सुरक्षित आहे, पण अतिमात्रेत यकृताला घातक ठरते. यकृतपेशी त्याची मोडतोड करतात, तेव्हा एक विषारी पदार्थ निर्माण होतो. म्हणजे इजा प्रथम यकृतपेशीला होते. तारकापेशी जागी होते ती शेजारणीची हाक ऐकून. नुसत्या तारकापेशी बशीत ठेवल्या, तर ही हाक देणारे तिथे कोणीच नसते. गोळ्यात मात्र हाक देणारी आणि ऐकणारी दोघी एकत्र होत्या. पॅरासिटॅमॉलमुळे तारकापेशी जाग्या होतात हे गोळ्यांनी दाखवले आणि नंतर उंदरांवरील प्रयोगाने त्याला दुजोरा मिळाला.

२०१९ मध्ये ताकेबे यांच्या गटाने अमेरिकेतील सिनसिनाटी येथे पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या गोळ्यांत जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या पेशीही होत्या. त्यांना मेदाम्ले पाजली, की प्रथम आत चरबी साचली, मग दाह झाला, मग तंतू वाढले. अतिसूक्ष्म सुईने दाबून पाहिल्यावर गोळे कडक झालेले आढळले. चरबीमुळे माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट इथे दिवसांच्या हिशेबात डोळ्यांसमोर घडली.

वण पुसता येतो का?

यकृतावरचा वण कायमचा, असे पूर्वी डॉक्टर मानत. हा समज चुकीचा ठरवणारा एक पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. १९७०-८० च्या दशकांत भारतात लहान मुलांना सिऱ्हॉसिसचा एक जीवघेणा प्रकार होत असे. या मुलांच्या यकृतात तांबे भयंकर प्रमाणात साठलेले असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली. त्यांचे निष्कर्ष १९८३ आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. या मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू केलेले असे आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवले वा ठेवले जाई. दुधात तांबे उतरत होते! घरोघरी स्टेनलेस स्टीलची भांडी आली, आयांना सल्ला मिळाला आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामिन हे औषध वेळेवर मिळालेली काही मुले वाचली आणि पुढे त्यांची यकृते बरीच सुधारलेली आढळली.

दुसरा पुरावा २०१३ चा. ब प्रकारच्या काविळीच्या विषाणूवर टेनोफोव्हिर हे औषध पाच वर्षे घेतलेल्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले गेले. सुरुवातीला सिऱ्हॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांत तो उरला नव्हता. कारण दूर झाले, तर वण विरू शकतो.

कसा? २०१२ साली उंदरांवरील संशोधनातून दिसले, की इजा थांबली म्हणजे जाग्या झालेल्या तारकापेशींपैकी काही मरतात, तर जवळजवळ निम्म्या पुन्हा शांत होतात. पण एकदा जागी झालेली पेशी दुसऱ्या वेळी अधिक लवकर जागी होते. झोप सावध झालेली असते! माणसाच्या तारकापेशींना पुन्हा झोपवण्याचा मार्ग शोधणे, हे बशीतल्या यकृताचे पुढचे काम आहे. चरबीमुळे तंतुमयता आलेल्या यकृतासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध, रेसमेटिरोम, २०२४ च्या मार्चमध्ये आले. वाट बिकट आहे, बंद नाही.

गोळा मोठा का करत नाहीत?

या गोळ्यांत उणिवाही आहेत. त्यांत रक्त वाहत नाही. आतड्यांकडून येणारा रस नाही, शरीराची संपूर्ण रोगप्रतिकारक यंत्रणा नाही. मूलपेशींपासून घडवलेल्या यकृतपेशी प्रौढ पेशींइतक्या पक्व नसतात. आणि गोळा मोठा करावा म्हटले, तर मधल्या पेशी गुदमरतात.

हे समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करून पाहा. चायना ग्रास पाण्यात उकळून ताटात ओता आणि घट्ट होऊ द्या. त्याचे १ सेंमी आणि ३ सेंमी बाजूचे घन कापा आणि शाई मिसळलेल्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. मग मधोमध चिरून रंग किती आत गेला ते मोजा. समजा, तो सर्व बाजूंनी ३ मिलिमीटर गेला. लहान घनात कोरा राहिलेला गाभा ४ मिमी बाजूचा, म्हणजे १००० पैकी फक्त ६४ घनमिलिमीटर. मोठ्या घनात तो २४ मिमी बाजूचा, म्हणजे २७,००० पैकी १३,८२४ घनमिलिमीटर. निम्म्याहून अधिक! जिवंत ऊतींत प्राणवायू तर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे नीट पोहोचत नाही. म्हणून शरीरात जागोजागी केशवाहिन्या असतात, आणि म्हणूनच बशीतला गोळा खसखशीहून लहान ठेवावा लागतो. शिक्षकांनी हा प्रयोग क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवतानाही जरूर करून घ्यावा.

तेव्हा बशीतले यकृत खऱ्या यकृताची जागा घेणार नाही. ते माणसात बसवण्यासाठीही नाही. त्याचे काम साक्षीदाराचे आहे. त्याची साक्ष आता गांभीर्याने घेतली जाऊ लागली आहे. २०२३ साली भारत सरकारने औषधचाचण्यांच्या नियमांत बदल केला. प्राण्यांवरील प्रयोगांबरोबरच मानवी पेशींपासून बनवलेल्या अशा त्रिमितीय ऊतींच्या चाचण्यांनाही त्यात स्थान मिळाले.

पुढच्या वेळी शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवाल, तेव्हा ही हकिगत आठवा. त्या पेशी तुम्हाला स्वच्छ दिसतात, कारण तुम्ही त्यांना शेजारणींपासून सोलून सपाट काचेवर पसरले आहे. दिसण्यासाठी ते बरोबरच आहे. पण पेशी काय करते, हे विचारायचे असेल, तर आधी हे पाहा, की तिच्या शेजारी कोण होते.